खड्डो इलो काय मगे बोल

पहिल्या खेपेला मी फोन घेऊन गेले.
रेवंडीच्या खाडीत, सुकतीला,
शालन मेतर वाकलेली, मांडीभर पाण्यात.
पाटी कमरेला दोरीनं बांधलेली,
तरंगत मागून येणारी, शहाण्या कुत्र्यासारखी.
बघा, मी म्हटलं, ही निळी रेघ चढली की भरती.
तिनं बोट टेकवलं. पडद्याला बोट कळलं नाही.
पुन्हा टेकवलं. चिखलाचा ठसा उमटला,
त्याखाली निळी रेघ बुडाली.
"ह्येका माजा बोट दिसना नाय,"
ती म्हणाली, आणि परत वाकली.

दुसऱ्या खेपेला भोंगा.
पाणी फिरलं की वाजेल असा, खांबावर.
वाजला. बगळे उडाले.
पलीकडे हडीत कुणाच्या तरी हळदीतला बेंजो
मध्येच बंद पडला.
बायका तोवर काठावर येऊन पाय धूत होत्या.
पाणी फिरल्याचं त्यांना
पोटऱ्यांनी आधीच सांगितलं होतं.
रात्री लॉजवर मी वहीत लिहिलं: पोटरी.
खाली दोन रेघा मारल्या.

मग थरथरणारा मनगटी पट्टा.
थरथरला की शालन हात झटकायची, खेकडा समजून.
चार दिवसांनी पट्टा तिच्या शेळीच्या गळ्यात.
शेळी त्याला मानायची मात्र;
चरणं थांबवून खाडीकडे बघायची.
वापरणाऱ्यांचे अभिप्राय या रकान्यात
मी शेळी लिहिली नाही.
लिहायला हवी होती.

चौथ्यांदा काहीच नेलं नाही.
साडी नेसायची सवय नव्हती, तिची जुनी नेसले,
कासोटा तिनंच घालून दिला.
भांग होती, पाणी आळसावलेलं.
ती पायांनी वाचत चालली होती:
इथे रेव, इथे शेवाळ, इथे खुबे.
टाच फिरवायची, अंगठा दाबायचा, वाकायचं.
मी तिच्या पावलात पाऊल टाकत मागे.
एकदम थांबली.
पुढचा पाय उचललेला तसाच धरून म्हणाली,
"हय गेल्या साली गुडघाभर होता."
हातातला बांबू खाली सोडला.
बांबू गेला, गेला,
मुठीपर्यंत गेला.

रात्री होड्यांवर पंप लावून वाळू नेतात.
सकाळी पाण्याचा चेहरा तोच असतो,
पायांतला नकाशा तेवढा खोटा झालेला.
तिची जाऊ, सुमती, अशीच गेली.
पाटी तरंगत राहिली,
दोरीला ताण देत.

तीन खेपा मी तिला भरती शिकवत होते.

"तुजा ता यंत्र," ती बांबू वर ओढत म्हणाली,
"सगळ्या येळार बोलता.
गप रव म्हणान सांग तेका.
पाण्याचा माका कळता.
खड्डो इलो काय मगे बोल."

आता पाटीच्या बुडाला एक डबी आहे, करवंटीएवढी.
तिला पडदा नाही, दिवा नाही, बटण नाही.
तळ मोजत राहते, कुणाला सांगत नाही.
तळ सुटला तरच दोरीला हिसका देते,
गळाला मासा लागावा तेवढा.
आणि पाटी आता मागून येत नाही,
शालन ती पुढे ढकलते.
हा बदल माझा नाही.
मला तो सुचलाच नव्हता.

पुण्यात, गार खोलीत, साहेबांनी विचारलं,
दिवसातून किती वेळा वापरतात?
मी सांगितलं, अकरा दिवसांत दोनदा.
कमी आहे, ते म्हणाले.
रंग टाका, आवाज टाका, सकाळी एक नमस्कार टाका.
मी टेबलाखाली चप्पल काढली
आणि बराच वेळ टाचेनं
फरशी चाचपत राहिले.